रेट काढता येतो, पण सांगता येत नाही? छोट्या उद्योजकांसाठी थेरपीचा धडा



कॉस्टिंगचा धडा शिकवून झाला की हमखास एक जण मागे थांबतो. वही बंद केलेली असते, बाकीचे चहाला गेलेले असतात. मग हळू आवाजात प्रश्न येतो: "सर, रेट कसा काढायचा ते कळलं. पण समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की तो आकडा तोंडातून निघतच नाही. आपोआप शंभर-दीडशे कमी सांगितले जातात."

कुणाचं हे रेटचं असतं. कुणाचं उधारीचं असतं, "मागायला गेलो की जीभ अडखळते." कुणाला कामगारावर ओरडल्याशिवाय दिवस जात नाही आणि नंतर रात्री झोप लागत नाही. कुणी तीन वर्षं 'लवकरच सुरू करणार' म्हणतोय, बोर्डसुद्धा रंगवून घरात पडलाय.

आता नीट बघा. रेट कसा काढायचा हा एक प्रश्न आणि काढलेला रेट सांगता का येत नाही हा दुसरा प्रश्न. पहिल्याला माहिती लागते. कच्चा माल, मजुरी, वीज, पॅकिंग, वाहतूक, नफा. बेरीज करा, झालं. दुसऱ्याला माहिती पुरत नाही. ज्याला सगळं माहीत आहे आणि तरी हातून होत नाही, त्याला आणखी एक वर्कशॉप देऊन काय उपयोग? माझं वर्कशॉपसुद्धा त्यात आलं. कळणं आणि वळणं यांच्या मध्ये जे काही अडकलेलं असतं, त्यावर काम करण्याची एक रीतसर पद्धत आहे आणि तिला थेरपी म्हणतात. समुपदेशन म्हणा, काउन्सेलिंग म्हणा. आजचा धडा त्याचाच.

थेरपी फक्त आजारी माणसासाठी असते, हा समज आधी जरा बाजूला ठेवा. आजारासाठी ती असतेच, त्याबद्दल पुढे बोलू. पण धडधाकट, कामाला वाघ असलेल्या माणसाचीही एखादी सवय वर्षानुवर्षं त्याच जागी ठेच देत असेल, तर तीही थेरपीत घेता येते. आणि छोट्या धंद्यात मालकाच्या सवयीचा परिणाम सरळ गल्ल्यावर होतो. मोठ्या कंपनीत साहेबाला पैसे मागायची लाज वाटली तर वसुलीचं वेगळं खातं असतं. तुमच्याकडे वसुली खातंही तुम्हीच, विक्री खातंही तुम्हीच.

८४ हजारांची उधारी

उदाहरण म्हणून एक ताई घेऊ. ही कुणी एक व्यक्ती नाही. अशा बऱ्याच जणी मिळून एक केली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको.

ताई भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करतात. घराच्या मागच्या दोन खोल्यांत काम, हाताखाली तीन बायका. महिन्याची विक्री पावणेदोन लाखांच्या आसपास. ११ दुकानांत माल जातो. त्यातलं एक दुकान चुलत दिराचं. तिथे ८४ हजार रुपये दहा महिन्यांपासून अडकलेत. भाऊजी माल मात्र वेळेवर उचलतात. पैशाचा विषय निघालाच तर हसून म्हणतात, "वहिनी, पुढच्या महिन्यात बघू ना, कुठे पळून चाललोय?"

ताईंना काय माहीत नाही? बिलावर '३० दिवस' छापलेलं आहे. उधारीचं रजिस्टर अद्ययावत आहे. तरी फोन हातात घेतला की पोटात गोळा येतो आणि "जाऊ दे, उद्या बघू" होतं. दिवाळीच्या आधी डाळी, धने, खोबरं भरायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी बांगड्या ठेवून ८० हजारांचं सोनेतारण कर्ज काढलं. दरमहा शेकडा एक रुपया व्याज, म्हणजे महिन्याला ८०० रुपये. सहा महिन्यांत ४,८०० गेले. सरळ भाषेत सांगायचं तर भाऊजींच्या दुकानाचं भांडवल ताईंच्या बांगड्या पुरवत होत्या.

ताईंना तुम्ही काय सल्ला द्याल? "सरळ मागा की!" हाच ना? नवऱ्याने तो दिला होता. सीएने दिला होता. ताई स्वतःच रोज रात्री स्वतःला तो देत होत्या. सल्ला बरोबरच होता, फक्त लागू पडत नव्हता.

सेशनमध्ये नेमकं होतं काय?

सिनेमात दाखवतात तसा कोच आणि त्यावर आडवं पडून लहानपणच्या गोष्टी सांगणारा माणूस, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. तशीही पद्धत आहे. पण आपल्याकडे, विशेषतः मराठी समुपदेशकांमध्ये, बरीच रुळलेली एक पद्धत फार व्यवहारी आहे. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, इंग्रजी लघुनाव आरईबीटी. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ती मांडली. आपल्या मंडळींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे एलिस मूळचे बिझनेसचे विद्यार्थी. १९३४ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून त्यांनी त्याच विषयात पदवी घेतली, थोडे दिवस व्यवसायही करून पाहिला. महामंदीचा काळ होता, जम बसला नाही. मानसशास्त्राकडे ते नंतर वळले. ही पद्धत आपल्याकडे आणली आणि रुजवली ती डॉ. कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि व्हिडिओंतून मराठीत आणखी पोचवली.

पद्धतीचा गाभा तीन अक्षरांत आहे: ए, बी, सी. ए म्हणजे घटना. सी म्हणजे तिचा आपल्यावर झालेला परिणाम. आपल्याला वाटतं की ए मुळे सी होतो, म्हणजे उधारी मागायची वेळ आली म्हणून पोटात गोळा आला. एलिस म्हणतात, मधलं अक्षर विसरलात. बी. त्या घटनेबद्दल आपण मनात धरून ठेवलेला समज. तसं नसतं तर उधारी मागताना सगळ्यांच्याच पोटात गोळा यायला हवा होता. पण कोपऱ्यावरचा दूधवाला बघा, पहिल्या तारखेला दारात उभा राहून खुशाल हाक मारतो. घटना तीच. समज वेगळा.

ताईंच्या सेशनमध्ये समुपदेशकाने तोच धागा ओढला. बोलणं साधारण असं झालं.

"तुम्ही पैसे मागितलेत तर भाऊजी काय म्हणतील?"

"म्हणतील, चार पैसे यायला लागले आणि वहिनी बदलली."

"बरं. तसं म्हणाले तर?"

"घरात बोलणं होईल. सासूबाईंच्या कानावर जाईल."

"गेलं तर?"

इथे ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तर मग मी चांगली सून राहणार नाही."

बघा, विषय उधारीचा होता आणि सापडलं काय! ८४ हजार रुपये म्हणजे 'चांगली सून' हे नाव टिकवण्यासाठी भरलेली फी होती. 'स्मरणपत्र कसं लिहावं' हा माझा तासाभराचा धडा इथपर्यंत कसा पोचणार? पोचणारच नव्हता.

आता हा बी नीट उलगडला तर त्यात चार पदर दिसतात. 'सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे', हा हट्ट. 'नाही म्हटलं तर अनर्थ होईल', ही फुगवलेली भीती. 'मला ते सहनच होणार नाही', हा स्वतःच्या ताकदीबद्दलचा गैरसमज. आणि 'कुणी नावं ठेवली म्हणजे मी वाईटच', हा स्वतःवर मारलेला शिक्का. एलिस यांच्या मते माणसाला अडकवतो तो मुख्यतः पहिला पदर, तो 'च'. इच्छा असणं चांगलंच आहे. इच्छेची मागणी झाली की घोळ सुरू होतो. ग्राहकाने रेट मान्य करावा ही इच्छा. ग्राहकाने रेट मान्य केलाच पाहिजे, नाहीतर माझा अपमान, ही मागणी. दुसऱ्या प्रकारचा माणूस कोटेशन पाठवायलाच घाबरतो.

मग या समजाला प्रश्न विचारायचे. वाण्याने तुमच्याकडे बाकी मागितली तेव्हा तुम्ही त्याला हावरट म्हणालात का? सासूबाई एक दिवस रागावल्या तर नेमकं काय बंद पडेल, चूल का भाजणीची गिरणी? मागच्या वर्षी नणंदेच्या लग्नात रुसवेफुगवे झाले, ते सहन झालेच ना? मनालाच असे प्रश्न विचारणं आपल्याला परकं नाही म्हणा. समर्थांनी मनाशी बोलत बोलत दोनशेच्या वर श्लोक लिहिले. इथे फक्त ते काम वही-पेन घेऊन, एका शिकलेल्या माणसासमोर बसून करायचं असतं.

प्रश्न विचारून विचारून ताईंनी नवं वाक्य स्वतःच लिहिलं: "घरच्यांनी चांगलं म्हटलं तर मला आवडेल. नाही म्हटलं तर वाईट वाटेल, पण मी वाईट ठरत नाही आणि माझ्या कष्टाचे पैसे माझेच राहतात." या वाक्यात खोटा उत्साह नाही हे लक्षात घ्या. 'मी वाघीण आहे, मी करू शकते' वगैरे काही नाही. वाईट वाटेल हे त्यात मान्य केलंय. मोटिव्हेशनच्या भाषणात आणि थेरपीत मला दिसणारा मोठा फरक हाच आहे.

गृहपाठाशिवाय काही होत नाही

वाक्य लिहून कुणाची वसुली झालेली नाही. म्हणून पुढच्या सेशनमध्ये समुपदेशक भाऊजी झाले आणि ताईंनी त्यांच्याकडे पैसे मागायचा सराव केला. पहिल्यांदा ताई हसायलाच लागल्या. दुसऱ्यांदा आवाज कापला. पाचव्यांदा वाक्य सरळ आलं: "भाऊजी, मागचे ८४ हजार बाकी आहेत. या महिन्यात ३० द्या, उरलेले दोन हप्त्यांत. तोवर नवीन माल रोखीनं."

खरा फोन मात्र लगेच भाऊजींना नाही. आधी १,२०० रुपये थकवलेल्या एका ओळखीच्या दुकानदाराला. वहीत दोन आकडे लिहायचे: फोन करण्याआधी भीती दहापैकी किती, आणि फोन ठेवल्यावर किती. पहिल्या दिवशी आठ आणि तीन. चौथ्या दुकानापर्यंत पाच आणि एक. अशी पायरी-पायरीनं ताई भाऊजींपर्यंत पोचल्या.

पुढे काय झालं? भाऊजींनी दोन आठवडे माल उचलला नाही. सासूबाईंच्या कानावर गेलंच, आणि त्या दोन दिवस तुटक बोलल्या. म्हणजे ताईंना ज्याची भीती होती ते बऱ्यापैकी घडलं. पण ते निभावलं. भाऊजींकडून ५० हजार आले, ३४ अजून यायचे आहेत, नवीन माल रोखीवर जातो. ताईंचे सात सेशन झाले, प्रत्येकी ८०० रुपये, एकूण ५,६००. तोवर भरलेल्या व्याजापेक्षा हे जास्तच. पण व्याज थांबायची चिन्हं नव्हती. शिवाय आता नवीन दुकानदाराला ताई पहिल्याच दिवशी उधारीची अट सांगतात. तो बदल कुठल्या खात्यात धरायचा ते तुम्हीच ठरवा.

ज्यांना दारोदार जाऊन विक्री करायची आहे त्यांच्यासाठी एलिस यांचाच एक किस्सा. वयाच्या १९ व्या वर्षी ते मुलींशी बोलायला प्रचंड लाजायचे. मग त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला: न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. अशा शंभर जणींशी ते बोलले. भेटायचं कबूल केलं फक्त एकीने, आणि तीही आली नाही! विक्रीच्या भाषेत शून्य ऑर्डर. पण शंभर नकार मिळून काहीच बिघडलं नाही हे कळलं आणि लाज गेली. हे प्रत्यक्षात जसंच्या तसं करायला जाऊ नका, आजच्या काळात वेगळाच प्रसंग ओढवेल. तुमच्यासाठी बाकाच्या जागी दुकानाचं काउंटर आहे आणि हातात सॅम्पलची पिशवी.

'मित्र आहेत की बोलायला!'

थेरपी म्हटलं की हे उत्तर ठरलेलं. टपरीवरचे मित्र हवेतच. पण धंदेवाल्याची एक अडचण नोकरदारापेक्षा वेगळी असते. बाजारात त्याची पत असते. मित्राला सांगितलं की "यार, या महिन्यात चेक वटेल की नाही शंका आहे", तर तो मित्र कदाचित तुमच्याच पुरवठादाराचा मेहुणा असतो. आठ दिवसांत माल रोखीनं मागायला लागतात. म्हणून माणूस बाहेर बोलत नाही. घरी बोलत नाही, कारण 'त्यांना कशाला टेन्शन'. भाऊ भागीदार असेल तर त्याच्याशी तर नाहीच नाही. मग हळूहळू असं होतं की आपल्यावर एकूण कर्ज किती, हा आकडा जगात फक्त एकाच माणसाला माहीत असतो, आणि तोही तो आकडा एका कागदावर लिहायला घाबरतो. बँकेचं एवढं, पतपेढीचं एवढं, सासऱ्यांचे एवढे, क्रेडिट कार्डाचे एवढे. सगळं वेगवेगळ्या कप्प्यांत.

समुपदेशकाचा तुमच्या उधारीत, जमिनीत, भागीदारीत काही हितसंबंध नसतो. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे त्याच्या व्यवसायाचं बंधन आहे. जिवाला धोका असेल असे मोजके अपवाद वगळता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अशा माणसासमोर तो एकूण आकडा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारणं, हे काही जणांसाठी पहिल्या सेशनचं सगळं काम असतं. कर्ज त्याने एक रुपयाने कमी होत नाही. पण कागदावर आलेल्या आकड्याचं वेळापत्रक करता येतं, बँकेत जाऊन बोलता येतं. डोक्यात फिरणाऱ्या आकड्याचं काहीच करता येत नाही.

बाकीच्या फायद्यांबद्दल थोडक्यात. कामगारावर विश्वास टाकता न येणं, वडिलांच्या हाताखालून स्वतःचं काउंटर वेगळं करता न येणं, सगळं परफेक्ट झाल्याशिवाय सुरुवातच न करणं, प्रत्येक 'हो' नंतर पस्तावणं, हे सगळे थेरपीत नेहमी येणारे विषय. नवरा-बायको मिळून धंदा करत असाल तर दोघांनी एकत्र जायची सोयही असते. मला विचाराल तर अशा जोडप्यांनी भागीदारीचा करार करण्याआधी दोन सेशन करावेत.

थेरपी कुठे चालत नाही

दुकान कुठे टाकायचं, कर्ज घ्यायचं की नाही, हे थेरपिस्ट सांगणार नाही. सांगत असेल तर जरा सावध व्हा. तो तुमचा सीए नाही, मेंटॉर नाही, आणि उलटं म्हणजे मी किंवा कुठलाही ट्रेनर तुमचा थेरपिस्ट नाही. दोन दिवसांत 'सबकॉन्शस ब्लॉक' काढून देतो, निखाऱ्यांवरून चालवतो, मग पैसाच पैसा, असं म्हणणाऱ्यांना थेरपिस्ट समजू नका.

दुसरं. दोष तुमच्या मनात नसून समोरच्यात असेल, तर मनावर काम करत बसू नका. कंपनी जाणूनबुजून पैसे थकवत असेल तर कायदा वापरा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. थेरपीचा उपयोग इथे एवढाच की ती नोटीस पाठवताना हात थरथरू नये.

कुणाकडे जायचं, पैसे किती

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर; तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावू शकतो. म्हणून मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी आहे का, थेरपीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, कुठली पद्धत वापरता, हे विचारा. मशीन घेताना वॉरंटी विचारता ना? मग इथे लाजू नका. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

खाजगी सेशन साधारण ४५ मिनिटं ते एक तासाचं. फी गावाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते. ५०० पासून अडीच हजारांपर्यंत आणि महानगरात त्याहून वरही. बऱ्याच संस्था ऐपतीप्रमाणे फी कमी करतात, विचारायला हरकत नाही. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून काम करतेय. तिच्या 'आवाहन' या यूट्यूब चॅनलवर मराठीत भरपूर साहित्य फुकट आहे, आधी ते बघून अंदाज घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो.

हिशेबाच्या दृष्टीने: ही फी घरखर्चातून काढा, धंद्याच्या खर्चात टाकू नका, तो वैयक्तिक खर्च आहे. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या त्याच कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाची फी त्यात बसेल असं धरून चालू नका.

किती सेशन लागतील? अमेरिकेत केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली २,४०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. साधारण आठव्या सेशनपर्यंत निम्म्या लोकांत आणि २६ सेशनपर्यंत तीन-चतुर्थांश लोकांत सुधारणा दिसली. म्हणजे एका भेटीत चमत्कार नाही, आणि जन्मभराचं बांधलं जाणंही नाही. तीन-चार सेशननंतर थेरपिस्टशी सूर जुळत नाहीये असं वाटलं तर तसं तोंडावर सांगा किंवा माणूस बदला. हे सांगता येणं हाही एक गृहपाठच समजा.

छोट्या गावात खरी अडचण वेगळीच असते. दवाखान्याबाहेर तुमची स्कूटर दिसली की संध्याकाळपर्यंत चौकात बातमी. त्यावर ऑनलाइन सेशन हा चांगला उपाय आहे. घरात एकांत नसेल तर दुपारी दुकान बंद असताना आत बसा, टेम्पो असेल तर टेम्पोत बसा. कानात हेडफोन, समोर वही.

वाट बघू नका अशी वेळ

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, भूक गेली असेल, आवडीच्या कामातही मन लागत नसेल, दारूचं प्रमाण वाढत चाललं असेल, तर हा 'स्वभावावर काम' करण्याचा विषय राहत नाही. आधी डॉक्टरला भेटा. आणि 'आपण नसतो तर बरं झालं असतं', 'विम्याचे पैसे तरी घरच्यांना मिळतील' असे विचार यायला लागले, तर आज, आत्ता कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तुमच्या कामगारांच्याही नजरेस पडेल असा तो दुकानात लावून ठेवा, लाइट बिलाच्या खिळ्याशेजारी.

पहिल्या सेशनला जाताना एक काम करा. नुसतं "टेन्शन आहे" म्हणालात तर पहिला अर्धा तास त्याचा अर्थ लावण्यातच जाईल. त्याऐवजी मागच्या महिन्यात 'माहीत होतं पण केलं नाही' अशा तीन गोष्टी तारखेसह लिहून न्या. कुणाला फोन करायचा होता, कुठला रेट सांगायचा होता, कुणाला नाही म्हणायचं होतं. प्रत्येकीपुढे त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, शिवी असेल तर शिवीसकट. समुपदेशकाला कामाला लागायला एवढा कच्चा माल पुरतो.

पुढच्या धड्यात उधारीचं रजिस्टर आणि स्मरणपत्राचे तीन नमुने घेणार आहोत. मागच्या सहा महिन्यांची बिलं हाताशी काढून ठेवा.